शेजारी कोण राहतं हे आपल्याला कशामुळे कळतं? चंदनसारचं समाजमंदिर, पाण्याची वेळ आणि थोडं मानसशास्त्र

२६ ऑगस्ट २०२५ ची रात्र. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, त्यामुळे विरारमध्ये घरोघरी जागरण सुरू होतं. बारा वाजून गेले आणि विरार पूर्वेच्या विजयनगर भागातल्या रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग खाली आला. गल्ली इतकी चिंचोळी की मोठी मशिनं आत घालता येईनात. सुरुवातीला ढिगारा हातानेच उपसावा लागला. १७ जणांचा जीव गेला. इमारत २०१२ च्या सुमारास उभी राहिलेली आणि अनधिकृत होती, हे नंतर बातम्यांमधून सगळ्यांना कळलं.

जे वाचले त्यांचं काय झालं? ज्यांची घरं गेली, त्यांची तात्पुरती सोय चंदनसारच्या समाजमंदिरात करण्यात आली. जेवण, पाणी, औषधं तिथेच.

आता समाजमंदिर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक मोठा हॉल, कोपऱ्यात रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कोणाच्या निधीतून बांधलं त्याची पाटी. पोलिओचा डोस, हळदीकुंकू, साखरपुडा, मतदानाचं केंद्र. एरवी त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पण घर गेलेल्या रात्री माणसाला जायला जी जागा उरते, ती हीच.

इमारती का पडतात, परवानग्या कोण देतं, यावर भरपूर लिहून झालंय आणि अजून लिहायला हवं. आपण आज दुसऱ्या एका प्रश्नाकडे बघू. अशा रात्री एकमेकांना हाक मारणारी माणसं तयार कशी होतात? आपण म्हणतो, ‘आमच्या चाळीत माणुसकी होती, फ्लॅटमध्ये आल्यावर गेली.’ म्हणजे दोष माणसांचा. पण या विषयावर संशोधन करणारी मंडळी काहीतरी वेगळंच सांगतात. त्यांच्या मते शेजार हा बराचसा नळ, रस्ता, स्टेशन, हॉल आणि ऑफिस या गोष्टींवर ठरतो. म्हणजे ज्याला आपण ‘स्थानिक सुविधा’ म्हणतो, त्यावर.

हे कोण संशोधक?

या शाखेला सामुदायिक मानसशास्त्र म्हणतात. तिची सुरुवात सहसा १९६५ पासून धरतात. अमेरिकेत स्वॉम्पस्कॉट नावाच्या गावात मानसशास्त्रज्ञांची एक परिषद झाली. तिथे मुद्दा असा निघाला की आपण एकेका माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या डोक्यात काय बिघडलंय ते शोधतो, पण तो राहतो कुठे, त्याच्या वस्तीत काय आहे आणि काय नाही, हे विचारतच नाही.

पुढे १९७४ मध्ये सेमूर सॅरासन यांनी या सगळ्याच्या मध्यभागी एक कल्पना ठेवली. आपण तिला मराठीत सरळ ‘आपलेपणा’ म्हणू. ही वस्ती माझी आहे, इथे माझ्यावाचून अडतं आणि माझं इथल्या लोकांवाचून अडतं, ही भावना. १९८६ मध्ये मॅकमिलन आणि चॅव्हिस या दोघांनी तिचे चार भाग पाडले. आपण इथले आहोत असं वाटणं. इथे आपलं काही चालतं असं वाटणं. इथे आपल्या गरजा भागणं. आणि एकत्र काढलेल्या दिवसांची आठवण.

ही चौकट चंदनसारला लावून बघा. चंदनसार हे जुनं गाव. आता ते वसई-विरार शहर महापालिकेत आहे आणि महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्यांपैकी एक याच नावाने ओळखली जाते. महापालिका झाली ३ जुलै २००९ रोजी, चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. म्हणजे गावदेवीच्या जत्रेत पिढ्यान् पिढ्या एकत्र असलेली माणसं आणि कालच टेम्पोतून सामान उतरवलेली माणसं एकाच रस्त्यावर राहतात. पहिल्यांकडे आठवणी आहेत, दुसऱ्यांकडे अजून नाहीत. यात कुणाची चूक नाही. आठवणी साठायला वेळ लागतो.

दुसरा भाग जास्त बोचरा आहे. इथे आपलं काही चालतं का? वसई-विरार महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवक चांगला की वाईट हा भाग सोडा. पण गटार तुंबलं की ज्याच्या दारात जाऊन आवाज चढवता येतो, असा निवडून आलेला माणूसच नव्हता. मॅकमिलन-चॅव्हिस यांच्या भाषेत बोलायचं तर आपलेपणाचा एक पाय इतकी वर्षं लंगडत होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ‘आपलेपणा’ हा शब्द फार गोड वाटतो. आपण इथले, असं म्हणताना ‘ते इथले नाहीत’ हेही आपोआप येतं. एकट्या मुलाला, एकट्या बाईला, वेगळ्या जातीधर्माच्या कुटुंबाला भाड्याने घर न देणाऱ्या सोसायटीतही आपसांत आपलेपणा भरपूर असू शकतो. तेव्हा तो जास्त असला म्हणजे सगळं उत्तम, असं नाही.

पाणी कमी असण्याचा त्रास जास्त, की कधी येईल ते माहीत नसण्याचा?

वसई-विरारमध्ये राहणाऱ्या कुणालाही पाण्यावर बोलतं करायला दोन मिनिटं पुरतात. टाकी, मोटार, टँकर, ‘आज आलं का तुमच्याकडे?’ हा प्रश्न. सूर्या प्रादेशिक योजनेतून एमएमआरडीएने एकूण ४०३ दशलक्ष लिटर रोजची क्षमता धरली आहे आणि त्यातला १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारचा आहे. आकडा मोठा आहे. पण मानसशास्त्राला इथे वेगळा प्रश्न पडतो.

अंबर वूटिच या संशोधक बाईंनी बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराच्या कडेला असलेल्या एका वस्तीत अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना पाण्यावरून येणारा मानसिक ताण नेमका कशाशी जोडलेला आहे, हे त्यांना बघायचं होतं. सहज वाटेल की ज्याच्या घरी पाणी कमी, त्याला ताण जास्त. किंवा उन्हाळ्यात ताण जास्त. निष्कर्ष तसा निघाला नाही. ताणाचा संबंध दिसला तो पाणी मिळवण्याच्या धडपडीशी. टँकरवाला आपल्या गल्लीत थांबेल की नाही, शेजारणीकडे बादलीभर पाणी मागायचं की नाही, मागितलं तर ती काय म्हणेल. जिथे पाणी वाटण्याचे नियम स्पष्ट नाहीत आणि कुणाचा हक्क किती हे ठरलेलं नाही, तिथे माणूस आतून जास्त पोखरला जातो.

हे वाचून मला तरी आपल्या इमारती आठवल्या. समजा एका इमारतीला दिवसाआड पाणी येतं, पण पहाटे पाच ते सहा, ठरलेलं. दुसरीला रोज येतं, पण कधी रात्री एकला, कधी दुपारी. दुसरीला पाणी जास्त मिळतं. पण भांडणं कुठे जास्त होतील? मोटार कोण लावणार, तळमजल्यावाल्यांनी आधीच भरून घेतलं का, वॉचमनने वरच्यांनाच आधी सोडलं का. पहिल्या इमारतीत पाण्याची वेळ हे भेटण्याचं निमित्त होतं. दुसरीत तेच पाणी संशयाचं कारण होतं. माणसं दोन्हीकडे सारखीच.

आणि या संशयाची झळ बहुतेक घरात एकाच व्यक्तीला बसते. रात्री नळाच्या आवाजाकडे कान लावून कोण झोपतं, हे आपल्याला माहीत आहे. बाईने नोकरी धरायची की नाही, दुपारी बाहेर पडायचं की नाही, हेसुद्धा कित्येक घरांत पाण्याच्या वेळेवर ठरतं.

मग वेळ कळवली तर? हा प्रयोग आपल्या शेजारच्या राज्यात झालाय. बेंगळुरूमध्ये ‘नेक्स्टड्रॉप’ नावाची सेवा होती. पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याने, म्हणजे आपल्याकडच्या चावीवाल्याने, ‘आता पाणी सोडतोय’ असं कळवायचं आणि त्या भागातल्या घरांना मोबाइलवर मेसेज जायचा. संशोधकांनी ही सेवा मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची तुलना केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. लोकांचा पाण्यासाठी वाट बघण्याचा वेळ फारसा वाचला नाही. चावीवाले दर वेळी कळवायचेच असं नाही, आणि मेसेज आला तरी तो योग्य माणसापर्यंत पोहोचायचाच असंही नाही. तरीही, थोडा का होईना, ताण कमी झाला. पाण्याचा एक थेंबही न वाढवता!

या प्रयोगातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे चावीवाला. शहराची सगळी पाणी योजना, धरण, जलवाहिनी, कोट्यवधींचा खर्च, आणि शेवटी तुमच्या घरातली शांतता एका माणसाने एक मेसेज पाठवला की नाही यावर. त्याच्या नावाची पाटी कुठल्याही टाकीवर नसते.

लोकलमधली ओळख कामाला येते का?

विरारच्या माणसाचा जागेपणीचा मोठा भाग लोकलमध्ये जातो. चर्चगेट विरारपासून साधारण ६० किलोमीटर. एकदा जायचं म्हटलं तरी साधारण दीड तास.

१९७२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्राम यांनी ‘ओळखीचे अनोळखी’ या प्रकारावर लिहिलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सकाळी प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या प्रवाशांचे फोटो काढले आणि नंतर त्याच प्रवाशांना ते दाखवून विचारलं, यातलं कोण ओळखू येतं? सरासरी एका प्रवाशाला चार जण असे निघाले ज्यांचा चेहरा पक्का माहीत, पण ज्यांच्याशी कधीच बोलणं नाही. बोलणं झालेले सरासरी दीड. वर्षानुवर्षं एकाच प्लॅटफॉर्मवर!

आपल्या लोकलवाल्यांना हे वाचून हसू येईल. ठरलेला डबा, ठरलेली जागा, भजनी मंडळ, दसऱ्याला डब्याची पूजा, महिलांच्या डब्यात भाजी निवडत चाललेल्या गप्पा, डोहाळजेवण. विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळते, शिव्या मिळतात आणि कधीकधी जन्माची मैत्रीणही मिळते. इथे मिलग्रामचा नियम मोडतो. का मोडतो? बहुधा दोन कारणांनी. प्रवास लांबचा आहे आणि गाडी ठरलेली आहे. रोज ८:०५ ची असली की रोज तीच माणसं. म्हणजे पुन्हा वेळापत्रक.

पण याची दुसरी बाजू आहे. लोकलमधली मैत्रीण नालासोपाऱ्यात राहते, दुसरी मीरा रोडला. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ. रविवार कपडे धुण्यात जातो. त्यामुळे डब्यातल्या बारा जणींच्या सासरची हकिगत तोंडपाठ, पण आपल्याच मजल्यावरच्या चौथ्या घरात कोण राहतं ते ठाऊक नाही. गाडीतली ओळख उधार-उसनवारीला येईल, नोकरीचं बघून देईल. मध्यरात्री दार वाजवायला मात्र ती इथे नसते.

घर चांगलं मिळालं, मग लोक परत का गेले?

हा प्रश्न विरारच्या मुळाशी जाणारा आहे. मुंबईत परवडत नाही म्हणून माणूस लांब येतो. घर मोठं, हवेशीर, स्वतःचं. हिशेबात एवढंच धरलेलं असतं.

अहमदाबादमध्ये १९८७ साली विडी कामगार स्त्रियांसाठी घरांची लॉटरी निघाली. घरं अनुदानित आणि चांगली, पण शहराच्या मध्यापासून १२ किलोमीटर लांब. अर्थतज्ज्ञ शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी वाटपानंतर १४ वर्षांचा काळ लोटल्यावर लॉटरी लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली. लॉटरीच असल्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखेच होते, म्हणून ही तुलना भक्कम धरतात.

निकाल काय? ज्यांना घर लागलं त्यातल्या ३४ टक्के कुटुंबं तिथे राहायला गेलीच नाहीत. आणखी ३२ टक्के काही काळाने सोडून गेली. उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या प्रगतीत फरक नाही. लॉटरी लागलेल्या बायकांनी सांगितलं की आपण नातलगांपासून, जातभाईंपासून तुटलो. अडीनडीला हात पसरायला, उसने पैसे मागायला माणूस राहिला नाही.

म्हणजे जुन्या वस्तीत घर वाईट होतं, पण त्या घराबरोबर एक न दिसणारी विमा पॉलिसी होती. दुकानदाराची वही, मावशीकडे ठेवता येणारं मूल, रात्री रिक्षा काढणारा ओळखीचा पोरगा. नव्या घराच्या किमतीत ही पॉलिसी रद्द झाल्याचं कुणी मांडलं नव्हतं.

विरारला याचं उलट चित्रही दिसतं, हे सांगायलाच हवं. गावाकडची माणसं, एकाच तालुक्यातली, एकाच कारखान्यातली, एकमेकांच्या ओळखीने शेजारी शेजारी खोल्या घेतात. आधी एक भाऊ येतो, मग दुसरा, मग मेहुणा. अशा ठिकाणी पॉलिसी सोबत आणली जाते. अनधिकृत इमारतीत लोक का राहतात, या प्रश्नाचं ‘स्वस्त म्हणून’ हे उत्तर खरं आहे, पण ते अर्धंच आहे. ओळखीची माणसं तिथे असतात, हे उरलेलं अर्ध.

आणि भिंत पडते तेव्हा?

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानच्या कोबे भागात भूकंप झाला. सहा हजारांवर माणसं गेली. जपानसारख्या तयारीच्या देशातही ढिगाऱ्यातून सुटका केलेल्यांपैकी बहुतेकांना बाहेर काढलं ते शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनी. एका अंदाजाप्रमाणे सुमारे ३५ हजारांपैकी २७ हजारांना. अग्निशमन दल, पोलीस, सैन्य पोहोचेपर्यंत पहिले मोलाचे तास संपत आलेले असतात.

भूकंपाच्या केंद्राजवळ अवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथे अडकलेली माणसं त्याच दिवशी बाहेर निघाली. कारण गावातल्या लोकांना कोणत्या घरात म्हातारी कुठल्या खोलीत झोपते हे माहीत होतं. त्यांनी सगळा ढिगारा उपसला नाही, नेमक्या जागी हात घातला. विजयनगरसारख्या चिंचोळ्या गल्लीत, जिथे मशीन जात नाही, तिथे ‘आत किती जण होते आणि कुठे’ हे सांगू शकणारा माणूस यंत्राइतकाच मोलाचा असतो.

कोबेची पुढची गोष्ट मात्र वाईट आहे, आणि समाजमंदिरात रात्र काढलेल्या कुटुंबांशी तिचा थेट संबंध आहे. तिथल्या सरकारने बेघर झालेल्यांसाठी हजारो तात्पुरती घरं बांधली. वृद्ध आणि अपंगांना आधी द्यायचं ठरवलं, आणि वाटप सोडतीने केलं. हेतू चांगला, पद्धत निष्पक्ष. परिणाम असा की जुने शेजारी पांगले आणि एकटी म्हातारी माणसं अनोळखी रांगांमध्ये येऊन पडली. पुढच्या काही वर्षांत त्या तात्पुरत्या घरांमध्ये दोनशेहून जास्त माणसं एकटीच मेली, आणि काहींचं मरण कित्येक दिवस कुणाला कळलंही नाही. अशा मरणासाठी जपानी भाषेत ‘कोदोकुशी’ हा शब्द आहे. म्हणजे एकाकी मृत्यू.

जपानने यातून धडा घेतला. २००४ मध्ये निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी या डोंगरातल्या गावाला उठवावं लागलं. या वेळी तात्पुरती घरं देताना एका वाडीची माणसं एकाच रांगेत ठेवली. जुना शेजार जसाच्या तसा नव्या जागी मांडला.

आपल्याकडे इमारत धोकादायक ठरते, पडते किंवा पाडली जाते तेव्हा लोकांना जागा मिळेल की नाही यावरच सगळी ताकद खर्च होते, आणि ते साहजिकच आहे. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा कित्येक कुटुंबांचा पहिला प्रश्न ‘आज रात्री कुठे?’ हाच होता. पण जिथे जागा मिळते, तिथे कोण कोणाच्या शेजारी जाणार हे ठरवायला वेगळा निधी लागत नाही. घरवाटपाच्या यादीत नाव, आधार क्रमांक, कुटुंबातली माणसं हे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी अजून एक रकाना लागतो: आधी शेजारी कोण होतं.